कोंबडी तेवढी खरी

सरोवरावर हातभर बर्फ होता आणि इंग्रिड टॉफ्टच्या बोटांना मासोळ्यांचा वास येत होता. तीनदा साबण लावला, लिंबाची फोड चोळली, तरी वास हटेना. डुलुथ गावात तिच्या बापाचं गळाच्या आमिषांचं दुकान होतं. डब्यांतून वळवळणाऱ्या आळ्या, टाकीत जिवंत मासोळ्या, भिंतीला बर्फ फोडायची गिरमिटं. गेली दोन वर्षं इंग्रिड तिथं टाकीत जाळी घालून उभी होती. त्याच्या आधीची सव्वादोन वर्षं मात्र ती मलावी देशात स्वयंसेवक होती, आणि त्या सव्वादोन वर्षांनी तिच्या आयुष्यातली बाकीची तेवीस वर्षं पार गिळून टाकली होती. गिऱ्हाइकानं सहज विचारलं, "कुठली गं तू?" तर ती म्हणे, "माझं गाव तिकडं, डोंगरापलीकडं." आणि बाप शेजारीच आळ्या भरत असे.

"त्या गावाला घेऊन जा म्हणावं मला एकदा," बाप म्हणे. "इथं तेवीस वर्षं फुकटच गेली."

परतलेल्या स्वयंसेवकांची ही जातच तशी. जन्मले एकीकडे, वाढले एकीकडे, पण बोलायला तोंड उघडलं की पहिला शब्द "माझ्या गावात". आणि ते गाव नेहमी दुसऱ्याचं.

अशा परतलेल्यांसाठी ऑल्डन विद्यापीठानं एक शिष्यवृत्ती ठेवली होती. दोन वर्षांचं पुढचं शिक्षण, फी माफ, वर राहण्याखाण्याची सोय. विषय होता विकास. कोणाचा विकास, ते तिथं कोणी विचारत नसे. आलेल्या पाहुण्याला कधी जाणार ते विचारू नये, तसं. जागा वर्षाला एक. अर्ज परतल्यापासून दोन वर्षांच्या आत करायचा, आणि इंग्रिडची दोन वर्षं मार्चमध्ये भरत होती. म्हणजे ही जागा नाही तर मग टाकी, जाळी आणि बाप. कारण या धंद्याची रीत अशी, की खेड्यात मच्छरदाणी वाटायलासुद्धा ती पदवी लागते; मच्छर तेवढे बिनपदवीचे चालतात.

यंदा ब्याऐंशी अर्ज आले होते. त्यांतल्या एकोणऐंशींत एक वाक्य सारखं होतं: "मी शिकवायला गेलो आणि शिकून आलो." इंग्रिडच्या अर्जात ते दोनदा होतं. तिला गावात पाठवलं होतं लाकूड वाचवणाऱ्या मातीच्या चुली घालायला. सव्वादोन वर्षांत तिनं घातल्या चौदा. पण एका चुलीच्या आसपास दहा घरं धरली, तर एकशेचाळीस घरांपर्यंत चूल "पोहोचली" असं लिहिता येत होतं. तसं लिहिलं. गावात चुली ढासळल्या, कागदावर त्यांनी पिल्लं घातली.

ब्याऐंशींतले दोघं मुलाखतीला निवडले गेले. इंग्रिड, आणि नेब्रास्काचा वेंडेल ओक्स.

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी जेवण होतं समितीच्या अध्यक्षांच्या घरी. डॉक्टर कॉर्डेलिया ब्लॉम. दारातच म्हणाल्या, "डॉक्टर वगैरे नको हं, कॉर्डेलिया म्हणा," आणि ज्यानं लगेच तसं म्हटलं नाही त्याच्याकडे जरा डोळे बारीक करून पाहिलं. घरात सागवानी टेबल होतं, भोवती बारा खुर्च्या. त्या बाराही भिंतीला लावून ठेवल्या होत्या आणि खाली चटया घातल्या होत्या.

"आपण सगळे जमिनीवरची माणसं," ब्लॉमबाई म्हणाल्या आणि गुडघे कुरकुरवत बसल्या.

समितीतले दुसरे होते हर्ब स्टीनर. वय ऐंशीच्या घरात. तरुणपणी बोलिव्हियात स्वयंसेवक होते आणि तिथून पोटातून एक जंत घेऊन आले होते. त्या जंताची गोष्ट ते दरवर्षी सांगत, आणि दरवर्षी तो वीतभर वाढे. यंदा तो टेबलाएवढा झाला होता. इंग्रिडनं ताबडतोब आपला हिवताप मांडला. ब्लॉमबाईंनी आपली नेपाळातली जळवांची वाट काढली. असा दुःखांचा भोंडला छान रंगला. वेंडेलची पाळी आली तेव्हा त्यानं भिंतीची एक खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसला.

"खाली बस ना," ब्लॉमबाई गोड आवाजात म्हणाल्या. "तुझ्या गावात कसा बसायचास?"

"खुर्चीवर," वेंडेल म्हणाला. "मुखियाकडं एकच होती. पाहुण्याला देत. खाली बसलं की रुसायचे."

"आणि आजारपण वगैरे?"

"नाही. तब्येत बरी होती."

हर्बनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू लग्नाला येऊन तो आहेर विसरला.

वेंडेल तिशीचा. शेतकी कॉलेजची पदवी होती, पण पोट चालत होतं नळांवर. कोणाचं सिंक तुंबलं, कोणाच्या गोठ्यातला पाइप फुटला, की वेंडेल. बोटं जाडजूड, बोलणं मोजकं. जेवणानंतर भांडी विसळायला तो सिंकशी उभा राहिला, इंग्रिड पुसायला. सवयीनं ती म्हणाली, "येवो." तिकडचं थँक्यू. हा शब्द ती डुलुथच्या बँकेतसुद्धा वापरायची. समोरचा गोंधळला की तिला बरं वाटायचं.

वेंडेल गोंधळला नाही. त्याच भाषेत म्हणाला, "येवो कशाला, ताट नीट पूस, कडेला भात आहे."

इंग्रिडच्या हातातलं फडकं थांबलं. "तू तर झांबियात होतास ना?"

"सरहद्दीवर. लुंदाझीकडं. तिथंही टुंबुकाच बोलतात. सरहद्द साहेबानं आखली, भाषेला कोण विचारतो."

टुंबुका या खोलीत आपल्याशिवाय कोणाला येत नाही, या भरवशावर तिनं बरंच काही बांधलं होतं. तिच्या चुलींपेक्षा पक्कं.

"तुला कशाला हवी ही पदवी?" तिनं विचारलं. "तू तर कामाचा माणूस."

"तेच ना." वेंडेलनं नळ बंद केला, परत उघडला, खाली वाकून पाहिलं. "पंप बसवणारी मोठी संस्था आहे एक. मी म्हटलं, मला घ्या. ते म्हणाले, पदव्युत्तर पदवी असल्याशिवाय पंपाला हात लावता येणार नाही. मी विचारलं, आणि ती पदवी असली की? तर म्हणे, मग हात लावायची गरज पडणार नाही." तो सरळ झाला. "यांचा वॉशर गेलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मुलाखत. खोलीच्या भिंतीवर जगाचा नकाशा, त्यावर रंगीत टाचण्या. टाचण्या सगळ्या खालच्या अंगाला. वरच्या अंगाला विकास करण्यासारखं काही उरलं नसावं. समितीपुढं गुणांचे तक्ते होते. नेतृत्व, दहापैकी. आत्मपरीक्षण, दहापैकी. नम्रता, दहापैकी. खाली बारीक अक्षरांत सूचना: नम्रता ठळकपणे दिसून यावी.

यंदा एक नवी गोष्ट होती. ब्लॉमबाईंची स्वतःची कल्पना. तिला नाव होतं "गावाचा आवाज".

"आजवर आपण उमेदवाराचंच ऐकत आलो," त्या म्हणाल्या. "यंदा फोन लावायचा थेट गावात. ज्यांच्यासाठी काम केलं, त्यांच्याच तोंडून ऐकायचं."

"इंग्रजी येतं त्यांना?" हर्बनी विचारलं.

"नाही तेच बरं. इंग्रजीत माणूस खोटं बोलतो."

"मग आपल्याला कळणार कसं?"

"उमेदवार सांगतील ना भाषांतर करून." ब्लॉमबाईंनी तळहात छातीवर ठेवला. "विश्वास, हर्ब. विश्वास हाच विकासाचा पाया."

बोक्याला दुधाच्या मापाची साक्ष द्यायला बसवावं, तशी ही व्यवस्था. पण ती कोणाला खटकली नाही. दोन्ही उमेदवार समोरासमोर बसले होते, म्हणजे पारदर्शकपणाही साधला.

इंग्रिडच्या गावात तेव्हा संध्याकाळचे सहा. फोन उचलला न्यागोंद्वेनं. जिच्या घरी इंग्रिड सव्वादोन वर्षं राहिली, जिला ती अमामा म्हणजे आई म्हणायची, ती ही. गावात फोनला आवाज मिळतो तो शाळेमागच्या उंच वारुळावर, तेव्हा न्यागोंद्वे वारुळावर चढली होती, आणि तिच्यासोबत अर्धा गाव.

"कोण गं? माझी पोर का?" स्पीकरमधून असा आवाज फुटला की नकाशावरची एक टाचणी पडली.

"मीच, अमामा."

"जेवलीस का? वाळली असशील. तुमच्याकडं काय ते, बर्फ खाता म्हणे."

"काय म्हणाल्या?" ब्लॉमबाई पुढं झुकल्या.

"आशीर्वाद दिला," इंग्रिड म्हणाली. समोर वेंडेल आपल्या बोटांकडे बघत होता.

"विचार त्यांना. तू आल्यामुळं त्यांच्या आयुष्यात काय बदल झाला?"

इंग्रिडनं विचारलं. वारुळावर कुजबूज झाली.

"बदल?" न्यागोंद्वे म्हणाली. "कसला गं बदल? तू आलीस तेव्हा तुला काडी पेटवता येत नव्हती. पाणी डोक्यावर घेतलंस की निम्मं अंगावर. माझी धाकटी तुझ्यामागं ठेवावी लागली, कुठं विहिरीत पडलीस तर सरकार आम्हाला विचारेल म्हणून. तू गेलीस नि ती मोकळी झाली. आता शाळेत जाते रोज. हा एवढा बदल."

ब्लॉमबाईंचं पेन तयार.

"ती म्हणते," इंग्रिड सावकाश म्हणाली, "तिची धाकटी मुलगी आता रोज शाळेत जाते."

"अगं बाई!" ब्लॉमबाईंचे डोळे भरले.

इंग्रिडनं एकही शब्द खोटा सांगितला नव्हता. खोट्याची ही सर्वांत स्वच्छ जात.

"आणि चुली?" हर्बनी विचारलं. "चुलींचं विचार."

चुलींचं नाव काढताच वारुळावर हशा उसळला. बायका एकमेकींना ढकलायला लागल्या. "म्हण गं, म्हण," कोणीतरी ओरडलं. मका कांडताना त्या बायका गाणी रचत; ज्याची त्याची उणीदुणी मुसळाच्या ठेक्यात बसवत. इंग्रिडवरही एक होतं. गावात असताना ती स्वतःच ते म्हणून हसायची. आता न्यागोंद्वेनं गळा मोकळा केला, बाकीच्यांनी टाळ्या धरल्या:

गोऱ्या माझ्या लेकीनं गं, चूल घातली मातीची
आभाळ शिंकलं की, बसली खाली.
गोऱ्या माझ्या लेकीची गं, चूल नाही वाया गेली
कोंबडी अंडी घाली, मधोमध.

गाणं काय, धबधबा होता. हर्ब बोटांनी ताल धरत होते. ब्लॉमबाईंनी रुमाल काढला.

"आभाराचं गाणं," त्या पुटपुटल्या. "सांग, सांग, काय शब्द आहेत?"

इंग्रिडच्या डोळ्यांपुढं टाकी आली. हिरवट पाणी, जाळी, काचेच्या पलीकडून बघणारा बाप. तिनं घसा खाकरला.

"आमच्या लेकीनं मातीतून चूल घडवली. आभाळालाही तिच्यापुढं वाकावं लागलं. या चुलीनं आमच्या घरात... भरभराट आणली. कोंबड्यासुद्धा सुखानं अंडी घालतात."

वेंडेल पाणी पीत होता. त्याला असा ठसका लागला की हर्बनी पाठीवर चार थापा मारल्या.

फोनवर न्यागोंद्वे अजून बोलत होती, आता हळू. "पण पोर गुणाची. रोज रडायची, पण पळून नाही गेली. ताप आला तेव्हा माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, तुझ्याजवळच राहू दे. राहा म्हटलं. आमच्या गावात कामाचं माणूस कमी नाही, पण संध्याकाळी ओट्यावर नुसतं बसायला कोणाला वेळ असतो? ती बसायची."

"आता काय म्हणाल्या?"

"काही नाही," इंग्रिड म्हणाली. "निरोप घेतला." न्यागोंद्वेचं एवढं एकच बोलणं खरोखर भाषांतर करण्याजोगं होतं, आणि ते तिच्यानं दुसऱ्याच्या ताटात वाढवेना.

मग वेंडेलचा फोन. त्याच्या गावचा मुखिया झिंबा, आवाज म्हातारा आणि खणखणीत. मुलाखत आहे हे कळल्यावर त्यानं कोट घातला होता. फोनवर कोट दिसत नाही हे त्याला कोणी सांगितलं नसावं, कारण आधी त्यानं कोटाची माफी मागितली, की एक बटण तुटलंय.

"विचार त्यांना, तू काय केलंस," ब्लॉमबाई म्हणाल्या.

झिंबानं सांगायला सुरुवात केली. पाच मिनिटं तो थांबलाच नाही. अकरा गावांतले अकरा पंप. रबर मिळेना तेव्हा यानं ट्रकच्या जुन्या ट्यूबा कापून वॉशर केले. दोघी बहिणींना पंप उघडायला शिकवलं. लोक हसले, तेव्हा यानं बहिणींच्या हातात पाना दिला आणि स्वतः झाडाखाली जाऊन झोपला. आज पंप बिघडला की तालुक्यातले लोक त्या बहिणींना बोलवायला येतात, आणि त्या म्हणतात, आधी चहा ठेवा. "मी आत्ता त्याच पंपाचं पाणी पिऊन आलोय," झिंबा म्हणाला. "पूर्वी माझी बायको अंधारात निघायची पाण्याला. आता सूर्य उगवेपर्यंत माझ्याशी भांडते. एवढं त्यांना सांग. तिला भांडायला वेळ मिळाला."

वेंडेलची मान आणि कान लालबुंद झाले होते. नेब्रास्काच्या मातीत मका उगवतो, स्वतःची स्तुती उगवत नाही. तिथं वादळात छप्पर उडालं तरी माणूस शेजाऱ्याला म्हणतो, जरा वारा होता.

"ते म्हणतात," तो म्हणाला, "पंप चालू आहेत."

"आणखी?"

"नमस्कार सांगितलाय."

"इतका वेळ बोलले ते, वेंडेल."

"कोटाचं बटण तुटलंय म्हणे."

ब्लॉमबाईंनी पेनाचं टोपण काढलं. "तुझ्या अपयशानं तुला काय शिकवलं?"

वेंडेलनं खरोखर विचार केला. "कुठल्या?"

तक्त्यावर "आत्मपरीक्षण" या शब्दापुढं ब्लॉमबाईंचं पेन खाली आलं आणि एक छोटा, गोलमटोल आकडा काढू लागलं. इंग्रिडला तो उलटा दिसत होता. फोनवर झिंबा विचारत होता, "सांगितलंस ना रे? भांडणाचं सांगितलंस?" आणि वेंडेल म्हणत होता, "हो, हो, सांगितलं."

इंग्रिडला पुण्य वगैरे करायचं नव्हतं. तिला नंतर कितीदा तरी वाटलं, की आपण तेव्हा फक्त चिडलो होतो. घरभर दरवळणारी आमटी कोणी न चाखता मोरीत ओतावी, तशी चीड. ती उभी राहिली.

"तो सांगत नाहीये," ती म्हणाली. "मी सांगते."

आणि तिनं सगळं सांगितलं. ट्यूबा, पाना, झाडाखालची झोप, चहा. भांडणापाशी आली तेव्हा तिचाच आवाज जड झाला. हर्ब स्टीनर ताल धरायचे थांबले होते.

सगळं सांगून झाल्यावर ब्लॉमबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. मग मान वेंडेलकडे वळली.

"म्हणजे तुम्हा दोघांची भाषा एकच?"

"हो."

"मग मघाशी तूही ऐकलंस. इंग्रिडनं केलेलं भाषांतर बरोबर होतं?"

खोलीतला हीटर खडखडत होता. इंग्रिडनं डोळे मिटले. जागा गेली, हे तिला कळलं होतं. आता फक्त तिचा बाप काय म्हणेल एवढंच उरलं होतं.

वेंडेलनं पाण्याचा पेला बाजूला सरकवला. "कोंबडी बरोबर होती," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"कोंबडी होती गाण्यात. अंडीही होती."

"कोंबडी तेवढीच खरी," इंग्रिड म्हणाली आणि खाली बसली. "बाकी सगळं मी घातलं. चुली चौदा होत्या. चौदाही विरघळल्या. त्या मुलीला माझी राखण करायला शाळेतून काढलं होतं, मी गेल्यावर ती परत गेली." मग तिनं ते गाणं इंग्रजीत म्हटलं, जसंच्या तसं, शेंबडा सूर काढून.

पहिल्यांदा हसले हर्ब. जंताच्या गोष्टीतलं हसणं नव्हे. खरं, पोट धरून. "मी संडास बांधला होता बोलिव्हियात," ते डोळे पुसत म्हणाले. "साठ वर्षं झाली, कोणाला सांगितलं नाही. त्यात ते बटाटे ठेवायचे. म्हणायचे, इतकी कोरडी जागा गावात दुसरी नाही."

ब्लॉमबाई हसल्या नाहीत. त्या लिहीत होत्या. पान उलटलं, तरी लिहीत होत्या.

दहा दिवसांनी पत्र आलं. बापानं टाकीशी आणून दिलं. इंग्रिडच्या ओल्या हातात कागद भिजला, पण अक्षरं नीट दिसत होती. "आपल्या अपयशाकडे निर्भयपणे पाहण्याची दुर्मीळ क्षमता. दुसऱ्याचा आवाज पुढे आणण्याचे नेतृत्व. नम्रता: दहापैकी दहा." जागा तिला मिळाली होती.

तिनं तिथूनच ब्लॉमबाईंना फोन लावला.

"कॉर्डेलिया, ही चूक आहे. ही वेंडेलची जागा. त्यानं काम केलंय. मी तुमच्यासमोर खोटं बोलले."

"आणि किती सुंदर कबूल केलंस!"

"पण मी खोटं बोलले."

"दुसऱ्या वर्षाच्या प्रबंधाला याहून चांगला विषय शोधून सापडणार नाही. आजच टिपून ठेव."

"वेंडेलचं काय?"

पलीकडे उसासा आला, एखाद्या मास्तरणीनं हुशार पण आडमुठ्या पोरासाठी टाकावा तसा. "फार चांगला माणूस. पण तूच सांग, त्याला दोन वर्षं शिकवायचं काय? तो नुसता दुरुस्त करतो. या क्षेत्रात अहवाल लिहावे लागतात, इंग्रिड. त्याला आम्ही कळवलंय, आत्मपरीक्षण करून पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर म्हणून." मग आवाज मऊ झाला. "आणि तू त्याच्यासाठी जागा सोडायला निघालीस, हेही मी तुझ्या फायलीत लिहून ठेवते हं."

खरं बोलून सुटता येत नव्हतं. जितकं खरं बोलावं तितके गुण वाढत होते. गाळात रुतलेली म्हैस, हलली की आणखी आत.

वेंडेलला फोन केला तेव्हा तो एका शाळेच्या सिंकखाली आडवा होता. आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता.

"अभिनंदन," तो म्हणाला. "जरा तो मोठा पाना सरकव." हे दुसऱ्या कोणाला तरी.

"मी नाही म्हणणार आहे."

"कशाला? तू नाही म्हणालीस तर ती मला देणार आहे का?"

"नाही."

"मग घे की. आळ्या विकण्यापेक्षा बरं." खाली पाणी सांडल्याचा आवाज आला, एक शिवी आली. "फक्त एक कर. मोठी झालीस, कुठल्या संस्थेत खुर्चीवर बसलीस, आणि माझ्यासारखा कोणी पंपाचं काम मागायला आला, तर त्याला पदवी विचारू नकोस."

"नाही विचारणार," इंग्रिड म्हणाली. आणि म्हणता म्हणताच तिला कळलं, की दोन वर्षांत आपल्याला विचारायलाच शिकवणार आहेत.

तिनं कागदावर सही केली. हात थरथरला असता तर बरं दिसलं असतं. नाही थरथरला. बापानं सही पाहिली, काही न बोलता तिच्या खांद्यावरचा खवला काढला आणि दुकानाचं दार उघडायला गेला.

मग उरला एक फोन. वारुळावर दुपार होती, माणसं कमी होती.

"अमामा, मला जागा मिळाली. दोन वर्षं शिकणार आहे."

"बरं झालं, बाई. काय शिकणार?"

इंग्रिडनं शब्द शोधला. टुंबुकात "विकास" म्हणायला बरंच लांबून यावं लागे. "गावं कशी सुधारायची, ते."

न्यागोंद्वेनं ते शब्द एकदा स्वतःशी म्हणून पाहिले.

"कोणत्या गावात राहून शिकवणार?"

"गावात नाही. इथंच. वर्गात. खुर्च्या आहेत."

"आणि शिकवणार कोण? ती परवाची, फोनवरची रडकी बाई?"

"हो."

आधी नुसता श्वास ऐकू आला. मग एक बारीक हुंदक्यासारखं काहीतरी, आणि मग न्यागोंद्वे हसायला लागली. हसता हसता तिनं फोन तोंडापासून दूर धरला आणि वारुळावरून खाली हाक दिली: "अगं ए! या गं सगळ्या! मुसळं ठेवा खाली! पोरीनं काय सांगितलंय ऐका!" पायांचे आवाज आले, मुलांचे, कुत्र्याचे. "सांग गं, पुन्हा सांग त्यांना."

इंग्रिड टाकीशी उभी होती. समोर गिऱ्हाईक डबा घेऊन थांबलं होतं. तिनं सांगितलं.

वारुळावर असा हशा झाला की दुकानभर घुमला. गिऱ्हाइकानं चमकून विचारलं, "काय म्हणतायत?"

इंग्रिडनं जाळी पाण्यात घातली. यावेळी तिला भाषांतर सुचलं नाही.